हमरस्त्यावरची फटफटी

मोटारसायकलला आपल्याकडे एक फार चपखल नाव होते : फटफटी. आवाजावरून पडलेले हे नाव पुष्कळ वर्षे टिकले. त्या काळी गावात एखाद्या डॉक्टरांची नाही तर सावकाराची अशी एकच फटफटी असे, आणि ती वेशीपाशी आली की पोरे तिच्यामागे धावत सुटत. पुढे १९८५ च्या सुमारास कमी पेट्रोलवर चालणाऱ्या शंभर सीसीच्या गाड्या बाजारात आल्या आणि चित्र पालटले. आज डेअरीला दूध घालायचे, खताचे पोते आणायचे, मुलीला परीक्षेला सोडायचे, लग्नाची आवतणे द्यायची, सगळ्याला दुचाकीच लागते. तिला नावे ठेवावीत म्हणून मी हे लिहायला बसलेलो नाही. ज्याच्याजवळ मोटार नाही आणि ज्याच्या गावाला वेळेवर एसटी नाही, त्या माणसाला या वाहनाने पाय दिले आहेत.

पण याच काळात दुसरीही एक गोष्ट घडली. गावाला खेटून जाणारा अरुंद डांबरी रस्ता चौपदरी झाला, काही ठिकाणी सहापदरी झाला. पुणे-बेंगळूर घ्या, मुंबई-आग्रा घ्या. ज्या रस्त्याच्या कडेला म्हातारी माणसे संध्याकाळी बसत, त्यावरून आज मोटारी ताशी शंभर किलोमीटरने जातात. रस्ता बदलला, गाड्या बदलल्या. आपल्या सवयी मात्र गावातल्या गल्लीच्याच राहिल्या. गल्लीत चालून जाणारी सवय हमरस्त्यावर जिवावर बेतते. या लेखात एवढीच गोष्ट जरा उलगडून सांगायची आहे.

आधी दोन-चार आकडे पाहू. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्त्यावरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. त्यांतली ७४,८९७ दुचाकीवरची होती. दिवसाचा हिशेब केला तर रोज सुमारे दोनशे पाच. शिक्षक मंडळींना हा आकडा लगेच समजेल. खेड्यातल्या एका बऱ्यापैकी शाळेचा पट तेवढा असतो. दुसरे असे की, देशातल्या एकूण रस्त्यांच्या लांबीत राष्ट्रीय महामार्गांचा वाटा शंभरात जेमतेम दोन-अडीच, पण मृत्यूंमध्ये शंभरात छत्तीस. म्हणजे हमरस्ता ही जागाच वेगळी आहे. तिथे वागण्याची रीतही वेगळी हवी.

आता वेगाकडे वळू. माझा विषय पदार्थविज्ञान, तेव्हा थोडे गणित आल्याशिवाय राहणार नाही. पण ते पाचवी-सहावीच्या मुलालाही झेपेल असे आहे. ताशी साठ किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ सतरा मीटर. समोर अचानक म्हैस आडवी आली, तर डोळ्यांनी पाहणे, मनाने ओळखणे आणि हाताने ब्रेक दाबणे यांत चांगल्या सावध माणसाचाही एक सेकंद जातो. त्या सेकंदात गाडीचा वेग काडीइतकाही कमी होत नाही. ती सतरा मीटर तशीच पुढे जाते. त्यानंतर ब्रेक लागू लागतात. कोरड्या रस्त्यावर, बऱ्या टायरांवर, साधारण चालवणाऱ्याची गाडी थांबायला आणखी अठ्ठावीस मीटर घेते. एकूण पंचेचाळीस मीटर झाले. हेच ताशी चाळीसला तेवीस मीटर होतात आणि ताशी ऐंशीला एकाहत्तर. वेग चाळिसाचा ऐंशी केला, म्हणजे दुप्पट केला, पण थांबण्याचे अंतर तिपटीच्या वर गेले. असे का व्हावे? कारण चालत्या वस्तूच्या अंगातली शक्ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट तर शक्ती चौपट, आणि ती सगळी ब्रेकलाच जिरवावी लागते.

ही शक्ती ब्रेकने जिरवली नाही, तर ती आपल्या हाडामांसावर येते. किती येते, ते विहिरीच्या मापाने सांगतो. ताशी चाळीस किलोमीटरने जाऊन भिंतीवर आदळणे म्हणजे सुमारे वीस फुटांवरून खाली पडणे. ताशी साठने आदळणे म्हणजे सेहेचाळीस-सत्तेचाळीस फूट खोल कोरड्या विहिरीत पडणे. आणि ऐंशीला ती विहीर ऐंशी फुटांच्याही पुढे जाते. विहिरीच्या काठावर आपण लहान मुलाचा हात किती घट्ट धरतो! पण तेच मूल टाकीवर बसवून साठच्या वेगाने जाताना आपल्याला काही वाटत नाही, कारण ही विहीर डोळ्यांना दिसत नाही.

पुढची गाडी आणि आपण यांत किती जागा ठेवावी, हे या हिशेबातूनच निघते. मीटर मोजत बसायचे कारण नाही. पुढचे वाहन एखाद्या झाडापाशी किंवा किलोमीटरच्या दगडापाशी आले की मनात म्हणा, 'एक हजार एक, एक हजार दोन'. हे म्हणून होण्याआधी आपण त्या दगडापाशी पोहोचलो, तर आपण फार जवळ आहोत. पाऊस असेल, रात्र असेल किंवा मागे कोणी बसलेले असेल, तर 'एक हजार चार'पर्यंत म्हणायचे. पहिल्या पावसाची तर गोष्टच निराळी. उन्हाळाभर रस्त्यावर सांडलेले तेल आणि बसलेली धूळ पहिल्या सरीने वर येते आणि रस्ता साबण लावल्यासारखा होतो. पहिला अर्धा तास कुठेतरी आडोशाला थांबून चहा घ्यावा, हे उत्तम.

ब्रेकविषयी एक गैरसमज खेडोपाडी फार पक्का आहे. 'पुढचा ब्रेक दाबला की गाडी पालथी होते' असे थोरला भाऊ धाकट्याला शिकवतो आणि मग जन्मभर मागच्या ब्रेकवरच काम भागवले जाते. खरा प्रकार पाहा. गाडी थांबू लागली की तिचा भार पुढे सरकतो. एसटीने ब्रेक मारला की आपण पुढे झुकतो, तसेच हे. पुढचे चाक रस्त्यावर दाबले जाते आणि मागचे हलके होते. हलक्या झालेल्या चाकावर कितीही जोर दिला, तरी ते फिरायचे थांबून घसरू लागते, आणि गाडीचा मागचा भाग आडवा होतो. तेव्हा थांबवण्याचे बहुतेक काम पुढच्याच चाकाला करावे लागते. रीत अशी : गाडी सरळ असताना दोन्ही ब्रेक एकदम लावावेत; पुढचा मात्र हिसका देऊन दाबू नये, लिंबू पिळल्यासारखा हळूहळू आवळत न्यावा. वाळू, खडी, शेण, ओला पांढरा पट्टा असे काही खाली असेल, तर आधीच वेग उतरवावा आणि पुढच्या ब्रेकवर हात हलका ठेवावा. १ एप्रिल २०१९ पासून सव्वाशे सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना चाक जखडू न देणारी यंत्रणा, आणि त्याखालच्या गाड्यांना दोन्ही ब्रेक एकत्र लावणारी यंत्रणा सक्तीची झाली आहे. ती उपयोगाची आहेच, पण टायर गुळगुळीत झाले असतील तर तिचाही इलाज चालत नाही. दुचाकीचा रस्त्याशी जो संबंध असतो, तो तळहाताएवढ्या दोन ठिगळांपुरता असतो. ती ठिगळे चांगली राखणे आपल्या हाती आहे. आठवड्यातून एकदा, गाडी थंड असताना हवा तपासावी.

आता दिसण्याचा प्रश्न. अपघातानंतर ट्रकवाला किंवा मोटारवाला म्हणतो, 'मला तो दिसलाच नाही.' आपल्याला वाटते, खोटे बोलतो आहे. पुष्कळदा तो खरे बोलत असतो. समोरून येणारी वस्तू किती जवळ आली, हे आपला डोळा तिचे रूप किती भराभर मोठे होते त्यावरून ठरवतो. ट्रक रुंद असतो, तो लवकर मोठा दिसू लागतो. मोटारसायकल समोरून पाहिली तर एका माणसाएवढी बारीक. ती लांब आहे आणि सावकाश येते आहे असेच डोळ्याला वाटते, आणि वाटते तोवर ती अंगावर आलेली असते. म्हणूनच १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा दिवसाही जळता ठेवतात. 'ताई, लाइट चालू आहे' असे सांगणारे भले लोक अजून भेटतात. त्यांना हे कारण समजावून सांगावे. अंगात काळ्याऐवजी पांढरा, पिवळा, केशरी असा उठून दिसणारा सदरा असावा आणि मागच्या मडगार्डवर चमकणारी पट्टी असावी. खर्च थोडा, उपयोग मोठा.

ट्रक, कंटेनर, एसटी यांच्याजवळून जाताना एक साधी खूण लक्षात ठेवा. त्या गाडीच्या आरशात तुम्हाला चालकाचे तोंड दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. विशेषतः त्याच्या डाव्या बाजूला, केबिनला लागून, एक मोठी आंधळी जागा असते. डावीकडून घुसून पुढे जाण्याची आपली सवय नेमकी त्याच जागेत नेऊन सोडते. शिवाय लांब गाडी वळते तेव्हा तिची मागची चाके पुढच्या चाकांच्या मागोमाग जात नाहीत. ती आतून, कोपरा कापून जातात. वळणाऱ्या कंटेनरच्या आणि कठड्याच्या मधली जागा मोकळी दिसते खरी, पण ती दोन-तीन सेकंदांत मिटते. तिथे शिरू नये. मागे थांबावे, आणि पुढे जायचे तर उजवीकडून, पुढचा रस्ता स्वच्छ दिसत असताना, एका दमात जावे.

यानंतरची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. चौपदरी रस्ता झाला तेव्हा गाव एका अंगाला आणि शिवार दुसऱ्या अंगाला, असे पुष्कळ ठिकाणी झाले. मधे दुभाजक आला. शेतात जायचे तर दीड किलोमीटर पुढे जाऊन वळा आणि दीड किलोमीटर मागे या. शेतकरी म्हणतो, 'कशाला? कडेकडेने उलटे जाऊ, पाच मिनिटांत वळण गाठू.' रोज सकाळी दुधाचे कॅन अडकवून असे उलटे जाणारे शेकडो लोक आहेत, आणि रोज काही होत नाही म्हणून सवय पक्की होते. आता हिशेब करा. तुम्ही चाळीसने चालला आहात, समोरून मोटार ऐंशीने येते आहे. दोघांमधले अंतर ताशी एकशेवीसच्या वेगाने कमी होते. म्हणजे सेकंदाला तेहतीस मीटर. दोनशे मीटरवर एकमेकांना पाहिले तरी हाताशी सहा सेकंद उरतात. आणि ती मोटार एखाद्या ट्रकच्या मागून डावीकडे बाहेर पडत असेल, तर दोन सेकंदही उरत नाहीत. तिच्या चालकाने डावीकडे पाहताना समोरून कोणी येईल, अशी कल्पनाच केलेली नसते. आता दुसऱ्या बाजूचा खर्च मांडा. तीन किलोमीटरचा फेरा म्हणजे चाळीसच्या वेगाने साडेचार मिनिटे आणि सहा-सात रुपयांचे पेट्रोल. एवढ्यासाठी हा सौदा आपण रोज दोनदा करतो.

तथापि दोष एकट्या गाडीवाल्याच्या माथी मारून मोकळे होणे न्यायाचे नाही. जिथे रोज चारशे माणसांना रस्ता ओलांडावा लागतो, तिथे भुयारी मार्ग, सेवा रस्ता किंवा धड उजेडाचा छेदरस्ता मिळायलाच हवा. ग्रामसभेने तसा ठराव करावा, सोबत माणसांची आणि वाहनांची मोजणी जोडावी आणि तो महामार्ग प्राधिकरणाकडे व जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावा. मोजणीचे काम शाळेतली मोठी मुले रस्त्यापासून सुरक्षित अंतरावर बसून एका सकाळी करू शकतील. मागणीला आकड्यांचा आधार असला की कागद पुढे सरकायला बळ येते. तोवर मात्र गल्लीतून किंवा शेतवाटेवरून हमरस्त्याला येताना गाडी पूर्ण थांबवावी, एक पाय जमिनीला टेकवावा, उजवीकडे दोनदा पाहावे आणि मगच शिरावे. पाय टेकवायचे एवढ्यासाठी, की त्यामुळे थांबल्याचे सोंग करता येत नाही.

रात्रीचा प्रवास टाळता आला तर टाळावाच. खाली वाकवलेल्या दिव्याचा उपयोगी उजेड साधारण चाळीस-पन्नास मीटरपर्यंत पोहोचतो. मघाचा हिशेब आठवा : ऐंशीच्या वेगाला थांबायला एकाहत्तर मीटर लागतात. म्हणजे जे दिसेल ते पाहून थांबण्याआधीच आपण त्यावर जाऊन आदळणार. रात्री पन्नासच्या पुढे जाऊ नये, याचे कारण हे असे साधे आहे. त्यातून आपल्याकडे दिवाळीच्या मागेपुढे साखर कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू होतो. सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, नगर या बाजूंना उसाने भरलेल्या ट्रॉल्या रात्रभर चालतात. एखादीचा टायर फुटला की ती रस्त्यातच उभी राहते. मागे दिवा नाही, तांबड्या पट्ट्या चिखलाने माखलेल्या, ऊस मागे दोन हात बाहेर आलेला. ट्रॉलीवाल्या बंधूंना विनंती अशी, की मागच्या चमकत्या पट्ट्या रोज फडक्याने पुसाव्यात, आणि गाडी बंद पडली तर बरेच अंतर मागे चमकणारा त्रिकोण ठेवावा. दुचाकीवाल्याने या दिवसांत असेच धरून चालावे, की प्रत्येक काळोख्या ठिकाणी एक ट्रॉली उभी आहे. समोरून झगझगीत दिवा आला तर त्याच्याकडे पाहू नये. वेग उतरवून रस्त्याच्या डाव्या कडेच्या पांढऱ्या रेषेवर नजर ठेवावी.

आता शिरस्त्राणाचे, म्हणजे आपल्या हेल्मेटचे. याची कथा ऐकण्यासारखी आहे. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून प्रसिद्ध असलेला इंग्रज अधिकारी टी. ई. लॉरेन्स १३ मे १९३५ रोजी मोटारसायकलवरून जात असता सायकलवरच्या दोन मुलांना चुकवताना पडला आणि सहा दिवसांनी डोक्याच्या दुखापतीने वारला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शस्त्रवैद्य होते. हा मृत्यू टळला असता का, हा प्रश्न त्यांनी सोडला नाही. युद्धकाळात सैन्याचे निरोप पोहोचवणाऱ्या मोटारसायकलस्वारांचे अपघात त्यांनी तपासले आणि १९४१ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्याच वर्षी ब्रिटिश सैन्याने कामावरच्या स्वारांना शिरस्त्राण सक्तीचे केले. पुढे अनेक देशांतल्या अभ्यासांचा एकत्र आढावा २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे आढळले, की शिरस्त्राणाने मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो.

ते काम कसे करते? बाहेरचे टणक कवच टोकदार घाव पसरवते. खरे काम आतल्या थर्मोकोलसारख्या जाड थराचे. आपटताच तो चिरडतो, आणि चिरडताना डोके थांबायला काही हजारांश सेकंद अधिक मिळतात. आंब्याच्या पेटीत गवत घालतात, त्यातला हा प्रकार. म्हणून एकदा जबर आपटलेले शिरस्त्राण वरून चांगले दिसले तरी टाकून द्यावे. आतले गवत दबलेले असते. रस्त्याच्या कडेला मिळणारी नुसती प्लास्टिकची टोपी दंड वाचवील, डोके वाचवणार नाही. आयएसआयची खूण आणि 'आयएस ४१५१' हा क्रमांक पाहून घ्यावे. आणि हनुवटीखालचा पट्टा? तो न लावलेले शिरस्त्राण पहिल्याच आपटीला उडून जाते. आमच्या महाविद्यालयाच्या फाटकात मी रोज पाहतो, मुलांची शिरस्त्राणे आरशाला नाही तर कोपराला अडकवलेली असतात. कोपर मोडले तर डॉक्टर जोडून देतात, असे मी त्यांना सांगतो.

'उकडते', 'केस गळतात', 'शेतापर्यंतच तर जायचे' ही कारणे सर्वांना पाठ आहेत. उकडते हे खरेच आहे. विदर्भातल्या मे महिन्यात तर फारच. पण शेतापर्यंतच्या वाटेत हमरस्ता असेल, तर त्यावरचा ट्रक तुम्ही किती लांब निघालात हे विचारत नाही. २०२२ साली शिरस्त्राण न घातलेली ५०,०२९ माणसे दगावली; त्यांतली १४,३३७ मागे बसलेली होती. हा दुसरा आकडा विशेष लक्षात ठेवा. आपल्याकडे चालवणारा पुरुष शिरस्त्राण घालतो आणि मागे बसलेली बायको, आई, मुलगी उघड्या डोक्याने असते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १२९ वे कलम चार वर्षांवरील प्रत्येक स्वाराला लागू आहे, आणि मागे बसणाराही त्यात आला. घरात एकच शिरस्त्राण असेल तर दुसरे घ्यावे. शंभर किलोमीटरच्या तीर्थयात्रेइतकाच त्याचा खर्च येतो.

मागे बसणाऱ्या बायाबापड्यांसाठी आणखी दोन शब्द. पदर, ओढणी आणि चादर चाकात जाते आणि क्षणात माणूस खाली खेचला जातो. निघण्यापूर्वी पदर खोचावा, ओढणी मागे गाठ मारून घ्यावी, आणि गाडीची चाकाजवळची जाळी 'अडचण होते' म्हणून काढून टाकू नये. ती कायद्याने दिलेली आहे. शक्य असेल तिथे दोन्ही पाय दोन बाजूंना टाकून बसावे. गाडीवर दोनच माणसे. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलासाठी त्याला चालवणाऱ्याशी जोडून ठेवणारा सुरक्षा पट्टा आणि मुलाच्या मापाचे शिरस्त्राण हवे आणि वेग चाळीसच्या आत हवा, असा नियम २०२२ साली झाला आहे.

इतके करूनही अपघात होतात. अशा वेळी जमलेल्या गर्दीत कोणी पुढे होत नाही, कारण पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल ही भीती. ही भीती आता सोडा. जखमीला मदत करणाऱ्याला संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये मान्य केली, आणि २०१९ च्या दुरुस्तीने ते संरक्षण कायद्यातच आले. मदत करणाऱ्याला आपले नाव सांगण्याचीही सक्ती करता येत नाही. १०८ क्रमांकाला फोन करावा. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ क्रमांकही आहे. तोवर मागून येणारी वाहने थोपवण्यासाठी एकाने लांब उभे राहावे. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरावे. जखमीला उठवून बसवू नये, मान हलवू नये, पाणी पाजू नये. श्वास नीट चालू असेल तर शिरस्त्राण ओढून काढू नये.

शेवटी शिक्षक बंधुभगिनींशी थोडे. नववी-दहावीतली मुले गाडी घेऊन शाळेत येतात, हे आपण सगळे जाणतो. गिअरच्या मोटारसायकलला अठरा वर्षे पुरी लागतात. अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडला, तर २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे पालकाला पंचवीस हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे पालकसभेत एकदा स्पष्ट सांगावे. पण मुलांना दंडाची भीती घालण्यापेक्षा एक प्रयोग करून दाखवा. शाळेच्या मैदानावर फक्कीने एक रेघ मारा. तिथून तेवीस, पंचेचाळीस आणि एकाहत्तर मीटरवर आणखी तीन रेघा मारा आणि त्यांच्यावर चाळीस, साठ, ऐंशी असे आकडे लिहा. मग मुलांना पहिल्या रेघेवरून शेवटच्या रेघेपर्यंत चालत न्या. पुष्कळ शाळांत एकाहत्तर मीटरची रेघ मैदानात मावणार नाही, फाटकाबाहेर रस्त्यावर जाईल. ती तिथेच मारा. मुले घरी जाऊन ते बापाला सांगतील, आणि मुलांचे सांगणे बाप ऐकतो.